विडीचा रकाना

लालबाग,
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. जयवंत यास,

नाही. उत्तर पहिल्याच ओळीत दिलं आहे, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तर तुझी सोय व्हावी.

तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही, कारण फोनवर तू बोलत सुटशील आणि मी हूं हूं करत बसेन. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही. तीस वर्षं महापालिकेच्या बालवाडीत पोरं सांभाळली आहेत. कोणाला बोलू द्यायचं आणि कोणाला कोपऱ्यात उभं करायचं ते मला कळतं. लालबागचं पत्र दादरला जायला तीन दिवस लागतात, तेही बरंच आहे.

तुझं निमंत्रण माझ्या हितेंद्रने मोठ्याने वाचून दाखवलं. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं. एक मेला, कामगारदिनी, परळच्या सभागृहात सुवर्णप्रभा गिरणीच्या धाकट्या शेठना 'गिरणगावचा नायक' पुरस्कार. सत्तरी उलटली तरी धाकटेच. पुरस्कार देणारी नागरिक समिती. समितीचं कार्यालय कुठे, तर शेठच्या प्रतिष्ठानात. समितीचा चिटणीस कोण, तर प्रतिष्ठानाचा जनसंपर्क बघणारा माझा भाऊ. म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने घ्यायचं आणि टाळ्या वाजवायला आम्हाला बोलवायचं.

आणि खाली तू पेनाने दोन ओळी खरडल्यास. "ताई, गिरणी कामगाराची मुलगी आणि गिरणी कामगाराची बायको म्हणून तू शेठना स्टेजवर ओवाळावंस, अशी सगळ्यांची इच्छा आहे." सगळे म्हणजे कोण रे?

बाबा १९९३ साली गेले. त्यांच्या दहाव्याला मी तुझ्याशी शेवटचं बोलले, आणि त्यानंतर एकाही भाऊबीजेला तुला ओवाळलेलं नाही. बत्तीस वर्षं झाली. हितेंद्रच्या लग्नात तू पाहुण्यासारखा आलास आणि पाहुण्यासारखा जेवून गेलास, तेवढंच. सख्ख्या भावाला जिने निरांजन दाखवलं नाही ती शेठला दाखवील, हे तुझ्या डोक्यात आलं तरी कसं?

गिरणी बंद केली, माणसं घरी बसवली, जमिनीवर टॉवर उभे केले, आणि मग एका टॉवरच्या तळाशी फुकटचा छातीचा दवाखाना काढला. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं आपली आई म्हणायची. करू दे बापडा देवपूजा. पण त्याचीच आरती मी म्हणणार नाही.

आम्ही तुमच्या प्रतिष्ठानाचं मीठ खाल्लेलं नाही. तेव्हा पुन्हा लिहू नकोस.

मालन


लालबाग,
सोमवार, २४ मार्च

जयवंत,

चार पानांच्या पत्रात तुझी एकच ओळ कामाची होती. "मग भाऊजींच्या खाटेशेजारचं मशीन कुणाचं आहे, ताई?"

तुमचंच आहे. दिवाळीनंतर आलं. मला वाटलं होतं, मशीन दिलेल्यांच्या एवढ्या लांबलचक यादीत तुझं लक्ष जाणार नाही. गेलं. मागच्या पत्रात मीठ खाल्लं नाही असं लिहिलं ते खोटं होतं, आणि ते लिहिताना मला माहीत होतं.

ह्यांना आता जिना उतरवत नाही. होळी सरली की मिरचीगल्लीत मसाल्याचं कांडप जोरात सुरू होतं, तिखटाचा खकाणा थेट आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि मे संपेपर्यंत आम्ही खिडक्या लावून बसतो. दिवसाचे पंधरा-सोळा तास ह्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी असते. मशीनच्या पोटावर शेठचा हसरा फोटो चिकटवलेला आहे, खाली छापलंय 'श्वास हाच सन्मान'. मी त्यावर कॅलेंडरचं जुनं पान डकवलं होतं. सुनेने ते काढलं, म्हणाली, तपासणीला माणूस येतो. आता मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, वर्गात दंगा केलेल्या पोराला करतात तसं.

मशीन चांगलं आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. दवाखाना स्वच्छ आहे, मुली अदबीने बोलतात, म्हाताऱ्यांना बसायला बाकं आहेत. तू विचारतोस, सरकारने काय दिलं, पुढाऱ्यांनी काय दिलं, शेठ निदान देतो तरी. देतो ना. पण आधी पाय मोडायचा आणि मग कुबडी देताना फोटो काढून घ्यायचा, अशाला नायक म्हणायचं असेल तर मराठीत दुसरा शब्द शोधावा लागेल खऱ्या नायकासाठी. कुबडी घेणाऱ्याने ती घ्यावी. त्याला चालायचं असतं. म्हणून त्याने पाय मोडणाऱ्याचे पाय धरावेत, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

माझा राग मशीनवर नाहीच, हे तुला पक्कं ठाऊक आहे. पण तू ते विसरल्याचं सोंग घेतोस, म्हणून पुन्हा लिहिते.

बाबांनी सुवर्णप्रभाच्या कार्डिंग खात्यात सव्वीस वर्षं काढली. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या कापसाच्या धुळीने. तू लहान होतास, त्यांना 'म्हातारा, म्हातारा' म्हणून चिडवायचास. त्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही. शेवटच्या महिन्यात गिरणीच्या दवाखान्याचं त्यांचं कार्ड माझ्या हाती आलं. 'दम्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'विडी, रोज वीस'. अक्षर तुझं होतं आणि खाली सही तुझी होती. तू तिथे कारकून होतास. पोटच्या पोराने बापाच्या मरणाचा दोष बापाच्याच गळ्यात बांधला होता.

दहाव्याला मी तुला विचारलं. तू म्हणालास, "सगळ्यांच्याच कार्डांवर तसं लिहितात."

आणि आता शेठच्या दवाखान्याच्या भिंतीवर बोर्ड लागलाय, की गिरणी कामगारांच्या दम्यामागे दहापैकी नऊ वेळा विडी असते. त्या बोर्डावर तुमची व्यसनमुक्तीची मोहीम उभी आहे, आणि त्या मोहिमेवर हा पुरस्कार. कुठून आले रे ते दहापैकी नऊ? तुझ्याच कार्डांतून ना?

ओवाळणार नाही.

मालन


लालबाग,
बुधवार, ९ एप्रिल

जयवंत,

या वेळी तू भांडला नाहीस, कारण सांगितलंस. म्हणून मीही जरा सबुरीने लिहिते.

तू म्हणतोस, "मी त्यांना वाचवत होतो." कार्डावर कापूस लिहिलं की डॉक्टरला केस पुढे पाठवावी लागायची, तिथून माणूस अनफिट होऊन परत यायचा आणि हजेरीपटावरून त्याचं नाव उडायचं. विडी लिहिलं की आठ दिवस रजा, खोकल्याची बाटली आणि पुन्हा कामावर हजर. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी मान डोलावली. म्हणजे ते खरं असणार, कारण ह्यांना खोटी मान डोलावता येत नाही.

पण वाचवलंस म्हणजे काय केलंस? माणूस पुन्हा त्याच धुळीत पाठवलास. त्याची नोकरी राहिली, छाती गेली. आणि शेठच्या नावावर एक ओळसुद्धा आली नाही. खरा वाचला तो शेठ.

इथपर्यंत लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. पुढचं लिहू की नको ठरत नव्हतं. लिहिते. तू हसलास तरी मला इथून दिसणार नाही.

नोव्हेंबरात आम्ही मशीनसाठी तुमच्या दवाखान्यात गेलो. बाकावर सगळे आपल्याच खात्यांतले म्हातारे, कोणी कार्डिंगचा, कोणी ब्लोरूमचा. आत जाऊन आलेला बाहेरच्याला सांगत होता, विडी सांगा, विडी सांगा. चाळीस वर्षांपूर्वीचा धडा, अजून तोंडपाठ. आता नोकरी नाही, गिरणी नाही, हजेरीपट नाही, आणि हे आपले अजून विडीच सांगतायत. एकाने तर कोणती विडी तेही सांगितलं. तो आमच्याच चाळीतला. सुपारीसुद्धा खात नाही.

आमचा नंबर आला तेव्हा फॉर्म भरणाऱ्या मुलीने ह्यांना विचारलं, "बाबा, विडी किती वर्षं?" दर्शना तिचं नाव, गुणी मुलगी आहे. हे म्हणाले, "नाय." तिने हात थांबवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काकी, मशीनची योजना व्यसन सोडलेल्यांसाठी आहे. विडी नसेल तर ते पात्रतेत बसत नाहीत."

ह्यांची नखं तेव्हा निळी पडली होती, जयवंत. मी तिच्या हातून पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, 'बावीस वर्षे'. बावीसच का, तर तेवढी वर्षं ह्यांनी गिरणीत काढली. खाली प्रतिज्ञा छापलेली होती, 'मी विडीचा कायमचा त्याग केला आहे.' त्यावर ह्यांना सही करा म्हणून बोट दाखवलं. ह्यांनी केली. वाचलं नाही, किंवा वाचून न वाचल्यासारखं केलं.

तेव्हा आता तुमच्या दहापैकी नवांत एक माझ्या अक्षरातला आहे. बत्तीस वर्षं तुला ज्या गोष्टीसाठी बोल लावला तीच मी दोन मिनिटांत करून आले. मला स्वतःची शरम वाटते. पण ती वाटली म्हणून तुझी कमी झाली असं समजू नकोस.

मालन


लालबाग,
मंगळवार, २२ एप्रिल

जयवंत,

दर्शना घरी येऊन गेली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, एक मेला शेठच्या हस्ते ह्यांना शाल द्यायची आहे आणि ह्यांनी माइकवर दोन शब्द बोलायचे आहेत, विडी कशी सोडली त्यावर. गाडी येईल, लहान सिलिंडर येईल, सगळी व्यवस्था होईल. दुसरी गोष्ट तिने चहा पिऊन झाल्यावर सांगितली. मे महिन्यात सगळ्या मशीनची पुनर्तपासणी आहे. कोणाची चालू ठेवायची, कोणाची नाही.

मी विचारलं, "न आल्यास?"

ती म्हणाली, "काकी, तसं काही नाही ओ. पण आलात तर बरं."

तिला दोष नाही. तिला हे वाक्य बोलायला कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही. तुझी वाक्यं मला ओळखू येतात.

हितेंद्र म्हणतो, "आई, दोन मिनिटांचं काम आहे. बाबांना श्वास मिळतोय ना? मग तू कशाला पेटतेस?" त्याचंही चूक नाही. बापाचा श्वास त्याला बापाच्या नावापेक्षा मोठा वाटतो. मलाही नोव्हेंबरात तसंच वाटलं होतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दर्शना गेल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं. मग नळी बाजूला करून म्हणाले, "जयवंताक कित्याक बोल लावतंस? मामांनीच सांगितल्यानी."

मामा म्हणजे आपले बाबा. ह्यांनी एकेक वाक्य दम घेत सांगितलं. तुला दवाखान्यात कारकुनी लागली, तेव्हा बाबाच खात्यात फिरून सांगत होते, माझा पोरगा आता तिथे आहे, बिनधास्त विडी सांगा, तो सांभाळून घेईल. स्वतःचं कार्डही त्यांनीच तुला तसं भरायला लावलं. अनफिट झालो तर दोन घरांची चूल विझेल म्हणाले. तू नको म्हणत होतास. तुझ्या हाताला धरून त्यांनी लिहून घेतलं.

हे मला ह्यांनी बत्तीस वर्षं सांगितलं नाही. का, तर बाबांनी शपथ घातली होती. आणि तूही सांगितलं नाहीस. दहाव्याला माझ्या शिव्या खाल्ल्यास, पण बापाचं नाव घेतलं नाहीस. त्याबद्दल काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. दोन दिवस पोळ्या करपल्या माझ्या.

पण मग दुसरा विचार आला. बाबांनी खोटं सांगितलं, तू लिहिलंस, मी पुन्हा लिहिलं. तिघांनी तीन वेळा घाबरून लिहिलं, आणि तिन्ही वेळा सोवळा राहिला तो शेठ. त्याने कोणाच्या हाताला धरलं नाही. त्याला तशी गरजच पडली नाही, आपणच आपले हात धरत होतो. आता तो त्याच कार्डांवर पाय देऊन स्टेजवर चढतोय, आणि तू पायरी धुऊन ठेवतोयस.

तेव्हा तू पंचवीस वर्षांचा होतास, बापाचा हात तुझ्या हातावर होता. ते मी आजपासून सोडून दिलं. आता तू त्रेसष्ट वर्षांचा आहेस. आता कुणाचा हात आहे?

तू वाचायला पाठवलेला मानपत्राचा मसुदा मिळाला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस, 'विडीच्या विळख्यात घुसमटलेल्या गिरणगावाला ज्यांनी मोकळा श्वास दिला.' त्यात आपले बाबा आले, कळतंय ना तुला?

आम्ही येऊ. ओवाळणार नाही. हे काय बोलतील ते ह्यांनी मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

मालन


लालबाग,
शनिवार, ३ मे

जयवंत,

तू स्टेजवर होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण पहिल्या रांगेतून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

शेठ दिसायला चांगला म्हातारा आहे. पांढरा सदरा, मंद हसू. ह्यांची खुर्ची वर चढवली तेव्हा स्वतः उठून पुढे आला, ह्यांच्या खांद्यावर शाल घातली, सिलिंडरची नळी शालीत अडकत होती ती नीट केली. मला वाटलं होतं, त्याच्याकडे बघून माझं डोकं फिरेल. तसं झालं नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो चांगलं काम करतोय, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. त्याला कोणी कधी सांगितलेलंच नाही.

निवेदिकेने माइक पुढे केला. "आजोबा, विडी कधी सोडलीत?"

हे म्हणाले, "मिया विडी धरलीच नाय कधी. सोडतलंय खंय?" मग दम घेतला. सभागृहात सगळ्यांना तो दम ऐकू आला. "कापूस खाल्लंय. ह्यांचो. बावीस वर्सां."

आणि काय झालं ते तू पाहिलंस. ती मुलगी हसली. म्हणाली, "किती गोड मालवणी बोलतात आपले आजोबा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनेही वाजवल्या. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून काम घेतलं त्यांची भाषा त्याला येत नाही, आणि हा त्यांचा नायक.

पण मागे बाकांवर ज्यांना कळायचं त्यांना कळलं. आमच्या चाळीतला तो, कोणती विडी तेही सांगणारा, काठी टेकत उभा राहिला. म्हणाला, "मीय नाय ओढलंय." त्याच्या शेजारचा उठला. मग अजून दोघे. कोणी आरडाओरड केली नाही. नुसते उभे राहिले, थोडा वेळ, आणि गुडघे दुखायला लागले तेव्हा बसले. शेठला वाटलं, मानवंदना देतायत. त्याने हात जोडले.

मग तू मानपत्र वाचायला उठलास. मसुदा माझ्या पिशवीत होता, मी बोट ठेवून ऐकत होते. पहिला परिच्छेद, दुसरा परिच्छेद, मग तू पाणी प्यायलास. आणि तिसऱ्यातलं ते विडीचं वाक्य तू गाळलंस. सरळ पुढच्या ओळीवर गेलास.

घाबरून गाळलंस की लाजून, ते मला खाली बसून कळलं नाही. घरी येताना हे म्हणाले, "गाळल्यान मरे, बरां केल्यान." ह्यांना तेवढ्यात समाधान. मला नाही. गाळणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. पोरं पाढे म्हणताना न येणारा आकडा असाच गिळतात. पण मी ते ऐकलं, एवढं तुला कळवते.

मालन


लालबाग,
बुधवार, १४ मे

जयवंत,

सोमवारी मशीन नेलं.

तुमच्या प्रतिष्ठानाचे दोघे आले होते. एक उचलणारा, एक लिहिणारा. लिहिणारा नम्र होता. म्हणाला, "काकी, पुनर्तपासणीत असं आढळलंय की काकांना धूम्रपानाचा इतिहासच नाही. योजनेचे निकष वेगळे आहेत. ते बसत नाहीत."

म्हणजे तुमच्या शेठचं मशीन मिळवायचं तर माणसाने स्वतःच्या छातीचा गुन्हा स्वतःवर घेतला पाहिजे. नाही घेतला तर तो पात्र नाही. हितेंद्र त्याच्या अंगावर धावून जाणार होता. मी त्याला मागे ओढलं. मला ते दोघे काही लिहून न देता जायला नको होते.

मी विचारलं, "परत नेताय, तर पावती द्याल ना?"

म्हणाला, "देतो की." छापील फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, 'साहित्य परत घेण्याचे कारण'. त्याने लिहिलं, 'अपात्र'.

मी म्हटलं, "असं नाही चालत. मी शिक्षिका होते. कारण विचारलंय, तर पूर्ण वाक्यात उत्तर लिहा. अपात्र का?"

बिचाऱ्याने पुन्हा पेन उघडलं. मग त्याने लिहिलं. मी पुन्हा वाचायला लावलं. 'सदर रुग्ण, सुवर्णप्रभा गिरणीतील कार्डिंग खात्याचे माजी कामगार, यांनी आयुष्यात कधीही विडी ओढलेली नाही, सबब अपात्र.' गिरणीचं आणि खात्याचं नाव मी घालायला लावलं. खाली सही, तारीख आणि प्रतिष्ठानाचा गोल शिक्का, मधोमध शेठच्या घराण्याचं कमळ.

सोमवारचा दिवस आणि मंगळवारची दुपार ह्यांची फार वाईट गेली. ते मी तुला लिहून दाखवणार नाही. हितेंद्र माझ्याशी बोलला नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. मी ह्यांच्या पाठीमागे उशा लावून बसले होते आणि एकदा मनात आलं, धावत जावं आणि सांगावं, ओढत होते, रोज वीस ओढत होते, द्या ते मशीन. तेव्हा हे म्हणाले, "कागद नीट ठेवलंस मां?" मी म्हटलं, ठेवलाय.

मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या गणपती मंडळाने त्यांचं करोनातलं जुनं मशीन आणून दिलं. आवाज फार करतं, गिरणीतल्या साच्यासारखा. सुनेला त्रास होतो, पण हे त्या खडखडाटात गाढ झोपतात. म्हणाले, पाळीवर असल्यासारखं वाटतं. मंडळाला ते किती दिवस देता येईल माहीत नाही. हितेंद्र खटपट करतोय, आणि आज सकाळी मला म्हणाला, चहा दे.

आता तुला लिहायचं कारण. सकाळपासून चाळीतले आणि मागच्या चाळीतले मिळून सहा जण दाराशी येऊन गेले. त्यांतल्या चौघांच्या घरी तुमची मशीन आहेत. मला वाटलं, ह्यांना बघायला आले. तेही आलेच होते. पण जाताना प्रत्येकाने एकच विचारलं, तो परत करायचा फॉर्म कुठे मिळतो. मी त्यांना ओरडले. म्हटलं, मशीन सोडू नका, मूर्खपणा करू नका, आम्ही निस्तरतोय ते पुरे. ते ऐकून घेतात आणि पुन्हा तेच विचारतात. त्यांना मशीन परत करायचं नाहीये, जयवंत. त्यांना तो कागद पाहिजे.

तो तुला देता येईल. त्यांची मशीन जिथल्या तिथे राहतील असाही देता येईल. गिरणीच्या दवाखान्यात ही कार्डं कोणी भरली, कशी भरली आणि कोणाच्या भीतीने भरली, हे सांगू शकेल असा जिवंत माणूस आता तू एकटाच आहेस. तुझी सही अजून चालते, प्रतिष्ठानात तर विशेषच चालते. लिहून दे. नोकरी जाईल म्हणशील, तर या वयात ती तशीही जायचीच आहे.

सोबत आमच्या कागदाची झेरॉक्स पाठवतेय. मूळ कागद बाबांच्या कार्डाशेजारी ट्रंकेत ठेवलाय. काल मी ते कार्ड काढून बराच वेळ बघत होते. 'विडी, रोज वीस'. तू किती जोर देऊन लिहिलंस ते, पाठीमागून बोट फिरवलं तर अजून लागतं. की तो जोर बाबांच्या हाताचा होता?

मी पेन उघडून बसले होते. वाटलं, मारावी एक आडवी रेघ आणि वर लिहावं, कापूस. नाही मारली. अक्षर तुझं आहे. ते खोडायचा हक्क मला नाही.

जिना तीन मजल्यांचा आहे, सावकाश चढ.

ताई